साल्विंगनं बंद केलेला वॉर्ड

साल्वासिओन सुमुगात वॉर्डात पाऊल टाकायची आणि नर्सा पटापट बोटांतल्या अंगठ्या काढून खिशात टाकायच्या. एखादी दुसरीच्या कानात पुटपुटायची, "आली गं बाई, जंतूंची पोलीस." साल्विंगला, सगळे तिला याच नावानं ओळखायचे, ते ऐकू जायचं. ती रागवायची नाही, नेमकी त्याच मुलीसमोर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "दाखव बघू नखं. रंगबिंग लावलायस, कुणाचं लग्न आहे वाटतं आज?"

सान रोके गावच्या सरकारी इस्पितळात तिचं कामच ते होतं. बुटकी, रुंद खांद्यांची, चालताना डाव्या पायावर जरा जास्त भार टाकणारी बाई. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षाकाठी एकदा पाहुण्यासारखा घरी येणारा. मुलगी इलोइलो शहरात शिकायला. त्यामुळे साल्विंगचं घर म्हणजे इस्पितळच. जिन्याखाली, चादरींच्या कोठीला लागून तिला एक खोली दिलेली होती. तिथून ती रोज सकाळी निघायची आणि खाटेखाट फिरायची. कुणाची सलाईनची जागा लाल झालीय, कुणाच्या लघवीच्या नळीला किती दिवस झाले, कुणाच्या टाक्यांतून पू येतोय, कुणाला कुठलं अँटिबायोटिक चालू आहे आणि ते नेमकं कशासाठी. लोकांना हे समजावून सांगताना ती म्हणायची, "दुखणं घेऊन आलेला माणूस वेगळा आणि इथं येऊन दुखणं लागलेला वेगळा. पहिला डॉक्टरांचा, दुसरा माझा."

त्याआधी ती बाळांच्या वॉर्डात होती, पुरिंगच्या हाताखाली. पुरिंग, म्हणजे पुरिफिकासिओन दाल्मासियो, ही त्या वॉर्डाची मुख्य नर्स. साल्विंगपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून साल्विंग तिला थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'मानांग' म्हणायची, आणि पुरिंग तिला धाकटीला मारतात तशी 'इंदाय' म्हणून हाक मारायची. ओंजळीत मावेल एवढ्या बाळाची शीर नुसत्या बोटांनी चाचपून कशी शोधायची, हे साल्विंगला पुरिंगनंच शिकवलं. साल्विंगच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहिली तीही पुरिंगच.

वॉर्डाच्या कोपऱ्यात पुरिंगचं एक पत्र्याचं कपाट होतं. सरकारी नव्हे, तिनं स्वतः घरून आणलेलं. त्या इस्पितळात खाट फुकट, डॉक्टर फुकट. पण सलाईन, सुया, औषधं पुष्कळदा नसायचीच. मग घरच्यांनी समोरच्या दुकानातून विकत आणायची. बाळ बरं होऊन निघालं की घरचे उरलंसुरलं पुरिंगच्या हवाली करत. "असू दे मानांग, दुसऱ्या कुणाला तरी होईल." ते सगळं त्या कपाटात जायचं. मग कधीतरी डोंगरातून एखादा बाप चिखलाच्या पायांनी यायचा, हातात औषधांची चिठ्ठी आणि खिसा रिकामा. पुरिंग त्याच्याकडे एकदा बघायची, चिठ्ठी चुरगळून टाकायची आणि कपाट उघडायची. "जा, बाहेर बस जाऊन. जेवलास का रे काही? नाही ना, तोंडावरच दिसतंय."

गावातली कितीतरी पोरं त्या कपाटावर जगली. हे संचालकांना ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं. काही कमी पडलं की तेच म्हणायचे, "पुरिंग, बघ गं तुझ्या कपाटात." साल्विंगनंही वर्षानुवर्षं त्यातून घेतलं होतं आणि त्यात भरलंही होतं. जिन्याखालच्या खोलीत आल्यावर तिनं सगळ्या इस्पितळाला नियम लावले, पण त्या कपाटापाशी तिची जीभ अडखळायची. एकदाच ती म्हणाली, "मानांग, उघडलेल्या बाटल्या ठेवू नका हं."

"नाही गं इंदाय, मी काय खुळी आहे?" पुरिंग म्हणाली. विषय तिथंच संपला.

तेव्हा साल्विंगचं खरं भांडण चालू होतं ते डॉक्टर सालिदोंशी. ते बाळांचे डॉक्टर, आणि अख्ख्या किनाऱ्यावर तेवढे एकच. सडपातळ, सदा झोप अपुरी असलेला माणूस. कुठलंही बाळ जरा सुस्त दिसलं, दूध ओढेनासं झालं की ते सरळ सगळ्यात जोरकस इंजेक्शन सुरू करायचे. साधं औषध आधी देऊन बघणं नाही, रक्ताच्या तपासणीची वाट बघणं नाही. रक्त तपासायला इलोइलोला जायचं आणि उत्तर यायला बरेच दिवस लागायचे.

साल्विंगनं त्यांना एकदा ओसरीत गाठलं. "डॉक्टर, गेल्या वर्षी हे औषध क्वचित लागायचं. आता तुमच्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येक बाळाला चाललंय. असंच चाललं तर ज्या दिवशी खरंच लागेल त्या दिवशी ते लागू पडणार नाही."

"कबूल," सालिदो म्हणाले.

"मग?"

"मग काय? तुम्ही एक करा मानांग. उद्या माझ्याबरोबर राउंडला या. आईसमोर उभ्या राहा आणि तिला सांगा, बाई, तुझं पोर कदाचित मरेल, पण पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी औषध शिल्लक ठेवतोय आम्ही. तुम्ही सांगा. मी ऐकतो."

दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, उन्हाळा तापायला लागला तेव्हा, पहिलं बाळ गेलं. सातव्या महिन्यात जन्मलेलं, पण चांगलं वाढीला लागलेलं. आदल्या दिवशी आईचं दूध प्यायलं, दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, अंग राखेसारखं झालं, आणि संपलं. अशी बाळं जातात. कुणी फार मनावर घेतलं नाही. मग त्याच्या शेजारचं गेलं. मग जुळ्यातलं एक. सालिदोंचं जोरकस औषध सगळ्यांना चालू होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

साल्विंगनं रक्ताचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून पहाटेच्या बसच्या कंडक्टरच्या हाती इलोइलोला धाडले. उत्तर आलं ते वाचून सालिदो खुर्चीत बसले. तपासलेल्या सगळ्या बाळांच्या रक्तात एकच जंतू, आणि तो हाताशी असलेल्या कुठल्याही औषधाला दाद देत नव्हता. एक तेवढं शिल्लक होतं, फार जुनं, मूत्रपिंडांची नासाडी करणारं. मोठ्या माणसांना द्यायलाही डॉक्टर बिचकतात असं.

"द्या," सालिदो म्हणाले. "दुसरं काय आहे?"

आता जंतू येतोय कुठून हे शोधणं साल्विंगचं काम. आणि इथं ती चुकली. तिला पहिला संशय आला हात धुवायच्या कुंडीचा. कुंडीचं पाणी तुंबायचं, वासही यायचा. तिनं ती उखडायला लावली. मग संशय आला झाडूपोछा करणाऱ्या लोलेंगवर. लोलेंगच्या तळहाताला जखम होती, आणि ती फडकं एकाच बादलीत बुडवून सगळीकडे फिरवायची. साल्विंगनं तिला वॉर्डाच्या दारात, सगळ्यांसमोर झापलं. लोलेंग पदरी पोरंबाळं असलेली विधवा; ती फडकं घट्ट धरून नुसती उभी राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मी मारली का हो पोरं? मी?" साल्विंगनं लोलेंगला घरी बसवलं. तिच्या हाताचा नमुना पुढे स्वच्छ निघाला, पण तोवर गावात बभ्रा झाला होता, आणि दुकानदारीण तिच्या हातातले सुटे पैसे घेताना फडक्यानं धरायला लागली होती. आणि या सगळ्या शोधाच्या काळात आणखी बाळं गेली.

मग साल्विंगनं शोधणं सोडलं आणि नुसतं बघायचं ठरवलं. स्टूल घेऊन ती वॉर्डात एका कोपऱ्यात बसली. सकाळ अख्खी बसून राहिली. सुरुवातीला नर्सा अवघडल्या, मग विसरल्या, नेहमीसारख्या कामाला लागल्या. इंजेक्शनची वेळ झाली. औषधाची पूड असते, ती पाण्यात विरघळवून मग द्यायची. नियम असा की दर वेळी नवी छोटी कुपी फोडायची. कुप्या महिनोन् महिने आलेल्या नव्हत्या. एका तरुण नर्सनं खिडकीजवळची सलाईनची मोठी बाटली घेतली. बाटलीच्या रबरी बुचात एक सुई खोचून ठेवलेली होती. त्या सुईला सिरिंज लावून तिनं पाणी ओढलं, एका बाळाचं औषध कालवलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं.

"ही बाटली कुणाची गं?" साल्विंगनं विचारलं.

"कपाटातली, मानांग. सगळ्यांचीच."

"कधी उघडली?"

पोरीनं खांदे उडवले. "संपली की दुसरी घेतो ना आम्ही. मानांग पुरिंग म्हणतात, थेंबसुद्धा वाया घालवायचा नाही."

खोचून ठेवलेली ती सुई तिच्या ओळखीची होती. ती स्वतः वॉर्डात असताना तिनंही अशीच सुई खोचून ठेवली होती, कितीदा तरी. आणि मग तिला दुसरी गोष्ट उमगली, ती पहिलीपेक्षा भयंकर. औषध जितकं जास्त, तितक्या वेळा त्या बाटलीतलं पाणी बाळाच्या शिरेत. जे बाळ नुसतं सुस्त होतं, ज्याला कदाचित काहीच झालेलं नव्हतं, त्यालासुद्धा काळजीपोटी इंजेक्शन सुरू व्हायचं, आणि त्या इंजेक्शनाच्या वाटेनंच जंतू आत शिरायचा. मग बाळ खरंच आजारी पडायचं आणि डॉक्टर डोस वाढवायचे.

पुरिंग तेव्हा जेवायला गेली होती. साल्विंगनं ती बाटली उचलली, कपाटातल्या आणखी उघड्या बाटल्या उचलल्या, झाकून आपल्या खोलीत नेल्या आणि त्याच दिवशी इलोइलोला पाठवल्या. पुरिंगला ती काही बोलली नाही. बोलली तर पुरिंग घाबरून उरलेलं सगळं फेकून देईल आणि मग काही सिद्धच होणार नाही, अशी भीती तिला वाटली. वॉर्डात तिनं इतकंच सांगितलं की आजपासून पाण्याच्या कुप्या मी आणून देईन, दुसरं काही वापरायचं नाही. त्या कुप्या तिनं पदरच्या पैशानं आणल्या.

पुरिंगनं परत आल्यावर विचारलं, "माझ्या बाटल्या कुठं गेल्या गं इंदाय?"

"सगळीकडचंच तपासायला पाठवतेय, मानांग."

"बरं," पुरिंग म्हणाली, आणि रडणाऱ्या बाळाला उचलायला वळली.

बाटलीतला जंतू आणि बाळांच्या रक्तातला जंतू एकच निघाला.

संचालक डॉक्टर ओकेन्दोंच्या खोलीत तिघं बसली: ओकेन्दो, सालिदो आणि साल्विंग. ओकेन्दो चांगल्या घरचा, मृदू बोलणारा माणूस होता. "सापडलं ना? उत्तम झालं. बाटल्या फेकल्या. वॉर्ड धुवून घेऊ. गवगवा कशाला?"

"जंतू आता नुसता बाटलीत नाही राहिला," साल्विंग म्हणाली. "पाळण्यांवर आहे, नळ्यांवर आहे, नर्सांच्या हातांवर आहे. जी बाळं आत आहेत ती सांभाळू. पण नवं बाळ आत घ्यायचं नाही. वॉर्ड बंद करायचा."

"बंद? आणि बाळंतिणी काय करतील? पुढचा असा वॉर्ड इलोइलोला आहे, डोंगर ओलांडून. आपली रुग्णवाहिका पडलीय गॅरेजात."

"ठाऊक आहे मला."

"वाटेत मरतील पोरं."

"काही मरतील," साल्विंग म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "इथं ठेवली तर जास्त मरतील."

ओकेन्दोंनी सालिदोंकडे बघितलं. सालिदो म्हणाले, "त्या म्हणतात तसं करा. मी वॉर्डात नवं बाळ घेणार नाही."

दारावर वॉर्ड बंद असल्याचा कागद चिकटला. आतल्या बाळांपैकी दोघं त्या जुन्या औषधावर तगली, बाकीची एकेक करून गेली. पाळणे रिकामे होत गेले तसे ते उन्हात काढून घासले, दिवे मालवले. आणि जी बाई अपुऱ्या दिवसांत कळा घेऊन यायची तिला साल्विंग स्वतः सांगायची की इथं नको, इलोइलोला जा. हे काम तिनं दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. वाहन मिळवून द्यायची, सोबत एक नर्स द्यायची, बाळ गरम कसं ठेवायचं ते शिकवायची. बहुतेक जणी पोचल्या.

रोनालिन पोचली नाही. म्हणजे ती पोचली, बाळ नाही. कोळ्याची पोर, पहिलटकरीण, इस्पितळाच्या अंगणातच बाळंत झाली. बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, श्वास घेताना छातीचा पिंजरा आत ओढला जात होता. तांदळाच्या व्यापाऱ्याची जीप मागून आणली. सालिदो स्वतः बाळाला छातीशी धरून जीपमध्ये बसले. घाटातल्या वळणांवर कुठंतरी त्याचा श्वास थांबला.

पुरल्यानंतर बाळाचा बाप, जुनेल, इस्पितळात आला. दारू प्यायलेला नव्हता. साल्विंगला त्याची फार आशा होती, की तो पिऊन येईल, शिव्या देईल.

"तुम्हीच का त्या?" त्यानं विचारलं.

"हो."

"तिला जीपमध्ये चढवत होते ना, तेव्हा मी मागच्या खिडकीतून आत बघितलं. सगळे पाळणे रिकामे. दिवे बंद." तो शब्द जुळवत थांबला. "जागा नाही म्हणून मेलं असतं तर कळलं असतं मला. गरिबाला जागा नसतेच. पण जागा होती की हो."

साल्विंगनं जंतूबद्दल सांगायला सुरुवात केली. आत ठेवलं असतं तर काय झालं असतं, किती बाळं... जुनेल ऐकत राहिला. तिचं संपल्यावर म्हणाला, "असेल. तुम्ही शिकलेल्या आहात." आणि निघून गेला. तो कधी परत आला नाही. पण बाजारात त्याच्या बायकोची मासळीची पाटी जिथं असायची, त्या बाजूला साल्विंग पुढे कधी फिरकली नाही.

चौकशी झाली. राजधानीतून माणसं आली, कागद मागितले, फोटो काढले. पाण्याच्या कुप्या महिनोन् महिने का आल्या नाहीत, हे कुणी विचारलं नाही. साल्विंगनं सांगितलं ते कुणी लिहून घेतलं नाही. तिनं आपल्या जबानीत स्पष्ट म्हटलं की हा एका बाईचा दोष नाही, ही अख्ख्या इस्पितळाची सवय होती. मी स्वतः त्या वॉर्डात असताना हेच केलंय, संचालकांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. तिच्यासमोर बसलेल्या बाईनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. कपाट कुणाचं होतं?"

"पुरिंगचं."

"झालं तर."

पुरिंगला निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. ती कपाट न्यायला आली त्या दिवशी साल्विंग तिच्या मागोमाग अंगणापर्यंत गेली. कपाट ट्रायसिकल रिक्षाच्या टपावर दोरीनं बांधत होते.

"मानांग, मी त्यांना सांगितलं..."

"कळलं मला काय सांगितलंस ते. चांगलं सांगितलंस." पुरिंग दोरीची गाठ बघत होती. "पण इंदाय, तू मला आधी का नाही विचारलंस? मी जेवायला गेल्यावर कपाट उघडलंस. चोरासारखं."

"मला वाटलं तुम्ही फेकून द्याल."

पुरिंगनं वळून तिच्याकडे बघितलं. "माझ्या हातानं पोरं मरतायत हे कळूनही मी बाटल्या लपवीन, असं वाटलं तुला? इतकी वर्षं बरोबर काढून?"

ट्रायसिकल निघून गेली. त्यानंतर पुरिंगनं तिच्याशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये दिसली की बाक बदलायची. साल्विंगच्या मुलीच्या वाढदिवसाला दर वर्षी तिच्याकडून गोड भाताची पुडी यायची, ती बंद झाली.

नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, सगळं गाव स्मशानात होतं. लोक थडग्यांवर बसून जेवतात, पत्ते खेळतात, मेणबत्त्यांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून छत्र्या धरतात. साल्विंग आपल्या आईबापांच्या थडग्यापाशी मेणबत्त्या लावून निघाली होती. भिंतीच्या कडेला, जिथं लहान मुलांना पुरतात, तिथं तिला पुरिंग दिसली. गुडघ्यांवर बसली होती. तिथल्या बऱ्याचशा थडग्यांवर नावंही नव्हती, नुसते पांढरे दगड.

साल्विंग जवळ जाऊन उभी राहिली. पुरिंगनं वर बघितलं नाही. पण उठूनही गेली नाही.

"हा मार्सेलिनो," पुरिंग एका दगडाकडे बोट करून म्हणाली. "पाद्री बोलवायला वेळ नव्हता, मीच बाप्तिस्म्याचं पाणी घातलं डोक्यावर. आईला नाव विचारलं तर ती म्हणाली, तुम्हीच ठेवा. मग ही एस्पेरान्सा. हा जुळ्यातला, याचं नाव बापानं ठेवलं होतं, तोनियेतो. दुसरा जिवंत आहे, आईच्या कडेवर दिसतो बाजारात." ती दगडादगडाशी सरकत गेली. साल्विंगजवळ या सगळ्यांचे तापाचे आकडे होते, औषधं होती, रक्ताची उत्तरं होती. नावं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

शेवटच्या दगडापाशी पुरिंग थांबली. "मला एक खरं सांग. खोटं सांगू नकोस हं, मला कळतं तुझं खोटं. सगळी माझ्या बाटलीनं गेली का?"

साल्विंग तिच्या शेजारी जमिनीवर बसली. नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. त्या एका शब्दानं म्हातारीचं काय होईल ते तिला दिसत होतं.

"पहिलं बाळ कशानं गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही, मानांग. त्याचं रक्त घेतलंच नव्हतं. मार्सेलिनोचं, जुळ्यातल्याचं, त्यानंतरच्यांचं..." ती थांबली. "हो. त्या पाण्यातनं. पण त्या पाण्यात जंतू कुणाच्या हातातून गेला ते कधीच कळणार नाही. माझ्याही असेल. मी त्या आठवड्यात रोज यायचे वॉर्डात."

पुरिंगनं मान हलवली. पलीकडे कुणीतरी रेडिओ मोठा केला, पोरं मेण गोळा करत धावत होती.

"माझी मेली झोपच गेलीय," पुरिंग म्हणाली. "जरा डोळा लागला की वाटतं, इंजेक्शनची वेळ झाली. उठून बसते. हात धुते. परत परत धुते." तिनं हात पुढे केले. बोटांची कातडी सोलवटलेली होती.

साल्विंगनं ते हात धरले. पुरिंगनं थोडा वेळ धरू दिले, मग सोडवून घेतले. "जा आता," ती म्हणाली. रागानं नाही. "मला अजून इथं बसायचंय."

त्या दोघींत पुन्हा पहिल्यासारखं काही झालं नाही. रस्त्यात भेट झाली की एखाददुसरं वाक्य बोलायच्या, तब्येतीचं, बाजारभावांचं. पुढच्या पावसाळ्यात पुरिंग गेली, हृदयविकारानं. साल्विंगनं तिच्या घरी प्रार्थनेचे नऊही दिवस मागच्या खुर्चीवर बसून काढले. पुरिंगच्या मुलीनं तिला कॉफी आणून दिली, पण पुढं येऊन बसा म्हणाली नाही.

वॉर्ड पुन्हा उघडला. पाण्याच्या कुप्या आता प्रांताकडून नियमित येतात. एवढी बाळं गेल्यावर आल्या. सालिदो जोरकस औषध आता पूर्वीइतकं वापरत नाहीत. ते प्रत्येक वेळी साल्विंगला बोलावतात, दोघं पाळण्यापाशी उभे राहून वाद घालतात, कधी देतात, कधी थांबतात. थांबल्यावर एकदा एक बाळ गेलं. तेव्हा दोघांनीही एकमेकांना दोष दिला नाही.

लोलेंगला साल्विंगनं स्वतः जाऊन परत बोलावलं. ती आली, पोटापाण्याचा प्रश्न होता. पण साल्विंग वॉर्डात शिरली की फडकं बादलीत टाकून ती दुसऱ्या दारानं बाहेर पडते. साल्विंगनं माफी मागितली होती, दोनदा. लोलेंग दोन्ही वेळा म्हणाली, "असू दे मानांग, झालं ते झालं."

तो जंतू इस्पितळातून पुरता गेलेला नाही. मधूनच कुणा म्हाताऱ्याच्या लघवीत निघतो, कुणा शस्त्रक्रियेच्या जखमेत निघतो, आणि इलोइलोहून उत्तर आलं की साल्विंग जिन्याखालच्या खोलीतून निघून, डाव्या पायावर भार देत, त्या खाटेकडे जाते. रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवताना घरचे विचारतात, "का हो, आमच्या माणसाला वाळीत टाकताय का?" ती म्हणते, "थोडे दिवस," आणि हातमोजे चढवते.